दम्याचे औषध सौरघटाला

दम्याच्या रुग्णांना ‘डेरिफायलिन’ हे नाव नवे नाही. त्यातला एक घटक म्हणजे थिओफायलिन, आवळलेल्या श्वासनलिका सैल करणारे जुने औषध. आल्ब्रेख्ट कॉसेल यांनी १८८८ मध्ये ते चहाच्या पानांतून वेगळे काढले. इनहेलर आल्यापासून त्याचा वापर कमी झाला. हेच थिओफायलिन २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात झळकले, ते मात्र सौरघटांसाठी!

आपल्या गच्च्यांवरची बहुतेक सोलर पॅनेल सिलिकॉनची असतात. सिलिकॉनचे स्फटिक बनवायला १,४०० अंश सेल्सिअसहून जास्त तापमान लागते. पेरोव्हस्काइट गटातल्या पदार्थांचे मात्र द्रावण करून ते काचेवर पसरता येते आणि शंभर-दीडशे अंशांना तापवले की थर तयार होतो. जपानच्या त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने २००९ मध्ये असा सौरघट केला, तेव्हा सूर्यप्रकाशातल्या जेमतेम ३.८ टक्के ऊर्जेची वीज होत होती. आज प्रयोगशाळेत हा आकडा २६ टक्क्यांपुढे गेला आहे.

मग अडते कुठे? मुख्यतः पृष्ठभागावर. स्फटिकाच्या आतल्या अणूला सगळीकडून शेजारी असतात, वरचा अणू एका बाजूने उघडा पडतो. कुठे आयोडीनची जागा रिकामी राहते, कुठे तिथे शिसे येऊन बसते. प्रकाशाने मोकळा झालेला इलेक्ट्रॉन अशा खड्ड्यात अडकतो आणि त्याची ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. शिवाय, जखमेतून जंतू शिरावेत तसा अशा ठिकाणांहून ओलावा शिरतो आणि थर खराब होऊ लागतो.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील यांग यांग यांच्या गटाने हे दोष झाकण्यासाठी तीन सख्खी भावंडे तपासली: थिओफायलिन, कॉफीतले कॅफिन आणि कोकोतले थिओब्रोमिन. तिघांचा सांगाडा एकच. थिओफायलिनचा ऑक्सिजन शिशाला धरतो आणि योग्य अंतरावरचा हायड्रोजन शेजारच्या आयोडीनला. कॅफिनमध्ये हा हायड्रोजनच नाही, त्यामुळे पकड एकाच हाताची. थिओब्रोमिनला दोन्ही हात आहेत, पण ते इतके जवळ की दोन्ही बाजू एकदम धरता येत नाहीत. थिओफायलिनमुळे सौरघटाची कार्यक्षमता २१ वरून २२.६ टक्क्यांवर गेली. कॅफिनचा फायदा त्याहून कमी झाला आणि थिओब्रोमिनने तर कार्यक्षमता घटली.

आम्हा डॉक्टरांना हे ओळखीचे वाटते. याच भावंडांपैकी कॅफिन आम्ही अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा श्वास थांबू नये म्हणून देतो. रेणूतला एक लहानसा गट बदलला की औषधाचे काम बदलते.

वाढ दीड टक्क्याची वाटते, पण तेवढ्याच उन्हात मिळणारी वीज सुमारे साडेसात टक्क्यांनी वाढली. खरी परीक्षा टिकाऊपणाची आहे. सिलिकॉनची पॅनेल पंचवीस वर्षे चालतात. पेरोव्हस्काइटलाही तितकी वर्षे ऊन-पाऊस सोसावा लागेल.

डॉक्टर म्हणून एक काळजी मात्र राहतेच. या थरातले शिसे पाण्यात विरघळू शकते आणि लहान मुलांच्या मेंदूसाठी शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. म्हणून पॅनेल घट्ट बंद ठेवण्याची आणि फुटलेली परत गोळा करण्याची व्यवस्था ती गच्चीवर चढण्याआधीच ठरायला हवी.