सागरी पवनप्रकल्प आणि ग्रिडचे स्थैर्य

विजेच्या ग्रिडमध्ये निर्मिती आणि मागणी यांचा मेळ क्षणोक्षणी राखावा लागतो. तो बिघडला की वारंवारता ढळते. ब्रिटनमध्ये, भारताप्रमाणेच, ती 50 हर्ट्‌झच्या आसपास ठेवली जाते. औष्णिक केंद्रांची अवजड जनित्रे ग्रिडशी थेट जोडलेली असतात. एखादे केंद्र अचानक बंद पडले, तर उरलेल्यांच्या फिरत्या वस्तुमानातील ऊर्जा पहिले काही सेकंद घसरण मंदावते. हेच ग्रिडचे जडत्व. आधुनिक सागरी पवनचक्क्या मात्र कन्व्हर्टरमार्फत जोडलेल्या असल्याने त्यांच्या पात्यांचे जडत्व आपोआप ग्रिडला मिळत नाही. ते काम नियंत्रण प्रणालीकडून करवून घ्यावे लागते.

डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्याजवळ 2002 मध्ये उभ्या राहिलेल्या हॉर्न्स रेव्ह 1 या 160 मेगावॉटच्या प्रकल्पात अशा नियंत्रणाची सोय होती. तेथील 80 पवनचक्क्यांच्या एकत्रित उत्पादनावर कमाल मर्यादा घालता येई, वाढीचा वेग आवरता येई आणि उपलब्ध वाऱ्यातून मिळू शकणाऱ्या विजेपेक्षा ठरावीक मेगावॉट हातचे राखता येत. वारंवारता घसरताच पात्यांचा कोन बदलून ही राखीव वीज ग्रिडला देता येते. एरवी मात्र तेवढा वारा वाया जातो. दुसऱ्या पद्धतीत फिरत्या पात्यांचा वेग किंचित कमी करून काही सेकंद जादा वीज काढतात. नंतर पाती पुन्हा वेग घेईपर्यंत उत्पादन घटते.

व्होल्टेज सावरण्यासाठी रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर लागते. कन्व्हर्टर ती गरजेनुसार देऊ किंवा शोषून घेऊ शकतात. समुद्रतळावरील एसी केबल जितकी लांब, तितकी तिच्यातच रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर जास्त निर्माण होते. म्हणूनच यॉर्कशायर किनाऱ्यापासून सुमारे 120 किलोमीटरवरील हॉर्नसी वन प्रकल्पाच्या केबलमार्गावर समुद्रातच एक भरपाई केंद्र उभारावे लागले.

नियंत्रणातील त्रुटी किती महाग पडते, हे याच प्रकल्पात 9 ऑगस्ट 2019 रोजी दिसले. वाहिनीवर वीज कोसळून व्होल्टेज क्षणभर खाली आले. अशा धक्क्यात तग धरणे अपेक्षित असताना हॉर्नसीची व्होल्टेज नियंत्रण प्रणाली आंदोलू लागली आणि 737 मेगावॉट निर्मिती तुटली. लिटल बारफर्डचे गॅस केंद्रही त्याच सुमारास कोलमडू लागले. वारंवारता 48.8 हर्ट्‌झपर्यंत उतरली आणि ग्रिड वाचवण्यासाठी सुमारे 11 लाख ग्राहकांची वीज आपोआप तोडली गेली. पुरवठा तासाभराच्या आत पूर्ववत झाला. पुढे प्रकल्पाच्या नियंत्रण सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती करण्यात आली.

नेहमीचे कन्व्हर्टर ग्रिडवरील व्होल्टेजची लय पाहून तिच्यामागे चालतात. ‘ग्रिड-फॉर्मिंग’ कन्व्हर्टर ती लय स्वतः निर्माण करतात, त्यामुळे त्यांचा प्रतिसाद जवळजवळ तत्काळ असतो. ब्रिटनच्या ग्रिड संहितेत 2022 मध्ये या क्षमतेचे तांत्रिक निकष आले. तरीही वारा पडला की पवनचक्कीकडे वाढवून द्यायला वीज उरत नाही. म्हणून सागरी प्रकल्पांच्या जोडीला बॅटऱ्या आणि इंधनाविना फिरत राहून जडत्व पुरवणारे सिंक्रोनस कंडेन्सर ठेवावे लागतात.