भोजलीची बहीण

ज्या नात्याला रक्ताचा आधार नाही आणि ज्याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही, तेही आजन्म अभंग राहू शकते, याचे प्रत्यंतर हवे असेल, तर रक्षाबंधनाच्या दुसऱ्या दिवशी छत्तीसगडातील रायपूरच्या आसमंतातील खेड्यांत जावे. श्रावणात टोपल्यांत पेरलेला आणि उजेडापासून दूर राखल्यामुळे पिवळाजर्द झालेला गहू, म्हणजेच ‘भोजली’, मुली त्या दिवशी गीते गात तलावावर नेतात; विसर्जनानंतर उरलेले अंकुर ज्या दोघी परस्परांच्या कानांवर खोवतात, त्या जन्माच्या भगिनी होतात. पुढे त्या एकमेकींना नावाने हाक मारीत नाहीत, ‘भोजली’ असेच संबोधतात. सखीची आई ‘फूलदाई’ होते आणि उभय कुटुंबे मंगलकार्यापासून दुःखप्रसंगापर्यंत परस्परांची वाटेकरी ठरतात. जगन्नाथपुरीच्या प्रसादाच्या साक्षीने ‘महाप्रसाद’ आणि गंगोदकाच्या साक्षीने ‘गंगाजल’ हीही नाती येथे जोडली जातात, व जातिभेद त्यांच्या आड येत नाही.

इ.स. १७५८ मध्ये याच प्रदेशातील रतनपुरास नागपूरकर बिंबाजी भोसल्यांचा अंमल सुरू झाला. त्या काळापासून मराठी माणसांचा या मुलखाशी ऋणानुबंध आहे. आपल्याकडे मानलेली बहीण असते, परंतु तिला बहुधा मनाचीच साक्ष पुरते. छत्तीसगडाने त्या स्नेहाला विधी, समाजाची संमती आणि कर्तव्याचे बंधन दिले. शेजारधर्म क्षीण होत चाललेल्या आपल्या नगरांनी हा दंडक आदराने अभ्यासावा आणि शक्य तेथे अंगीकारावा, इतका तो मोलाचा आहे.