पाळणाघर पारखताना

छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याने निघालं की वीसेक किलोमीटरवर बिडकीन लागतं. इथलं ७,८५५ एकरांचं औद्योगिक क्षेत्र २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते देशाला अर्पण झालं. कंपन्या आल्या की शिफ्टा येतात, आणि शिफ्टांबरोबर नवरा-बायको दोघंही कमावणारी कुटुंबं येतात. फर्स्ट शिफ्टची बस उजाडता उजाडता रस्त्यावर उभी राहते. आजी गावाकडे असते, बीड-जालन्याला नाहीतर थेट बिहारमध्ये. मग दीड वर्षाच्या पोराचं काय, या प्रश्नाला बहुतेक वेळा एकच उत्तर असतं: शेजारच्या गल्लीतल्या एक ताई मुलं सांभाळतात. घर त्यांचंच असतं, दोन खोल्या आणि पुढे ओटा. दारावर पाटी नसते. पैसे महिन्याचे महिन्याला, हातात.

कायद्याची धाव इथपर्यंत पोचत नाही. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटायला जाण्याचा हक्क दिला. ही तरतूद पुढे सामाजिक सुरक्षा संहितेतही आली. पण वीस-पंचवीस जणांच्या छोट्या वर्कशॉपात काम करणाऱ्या बाईला तिचा उपयोग नाही. अंगणवाडी आहे, पण ती काही तासांची. आठ तासांची शिफ्ट आणि जाण्या-येण्याचा वेळ तिच्यात बसत नाही. केंद्राच्या ‘पालना’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवायची कल्पना आहे, ती अजून प्रत्येक अंगणवाडीपर्यंत आलेली नाही. इंग्लंडमध्ये घरी मुलं सांभाळणाऱ्या बाईला ऑफस्टेड या सरकारी संस्थेकडे किंवा तिने मान्यता दिलेल्या संस्थेकडे नोंदणी करावी लागते, आणि तपासणीही होते. आपल्या ताईंच्या दारात असा कुणी निरीक्षक येत नाही. तपासणी आईबापालाच करावी लागते, आणि ती करता येते.

ती कशी करायची, याचा चांगला नमुना अमेरिकेत तयार झाला आहे. थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड यांनी १९८९ मध्ये खास घरगुती पाळणाघरांसाठी एक मोजपट्टी काढली. पुढे तिच्या सुधारित आवृत्त्या आल्या. तिच्यात जागा, खाणं, झोप, स्वच्छता, बोलणं, खेळ, पालकांशी संबंध अशा बाबींना एक ते सात गुण देतात. एक म्हणजे अपुरं, तीन किमान, पाच चांगलं, सात उत्कृष्ट. यासाठी तपासणारा काही तास घरात शांत बसून फक्त पाहतो. मला या पट्टीतली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती गुण देण्याची रीत. ती जिन्यासारखी आहे. लंगोट बदलण्याची बाब घ्या. बदलल्यावर हात धुतले जात नसतील, तर भिंतीवर कितीही सुंदर चित्रं असोत, त्या बाबीचा गुण खालच्या पायरीवरच अडकतो. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरची मोजतच नाहीत.

आपणही हाच हिशेब धरावा. घर मोठं आहे, ताई प्रेमळ आहेत, खेळणी भरपूर आहेत, पण पाण्याच्या हौदाला झाकण नाही, असं असेल तर बेरीज-वजाबाकी करू नका. आधी झाकण बसू द्या, मग पुढचं बोलू.

पहिलं काम डोकी मोजण्याचं. ‘किती मुलं सांभाळता?’ असं विचारलं तर ‘चार-पाच’ असं उत्तर येईल. त्यात ताईंची स्वतःची मुलं धरली का? साडेबाराला शाळेतून येणारी दोन भावंडं? आई दवाखान्यात गेली म्हणून आजच्यापुरतं ठेवलेलं शेजारचं बाळ? इंग्लंडमधला सर्वसाधारण नियम सांगतो की एकट्या बाईने एका वेळी आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं सांभाळावीत, त्यात पाच वर्षांखालची तीनच आणि एक वर्षाखालचं एकच, स्वतःची मुलं धरून. आपल्याकडे हा आकडा कायद्याने बांधलेला नाही, पण त्यामागचं कारण सगळीकडे सारखंच आहे. आग लागली तर एका बाईला एका खेपेत किती लेकरं बाहेर काढता येतील? कडेवर एक, बोटाला धरून एक, आणि सांगितलं तर मागे येईल असं एखादं. तान्ही तीन असतील तर ते जमणार नाही. म्हणून गर्दीच्या वेळी जा. बिडकीनसारख्या ठिकाणी ती वेळ म्हणजे दुपारी शाळा सुटल्यावर आणि शिफ्ट बदलताना.

दुसरं काम जमिनीवर बसून करायचं. उभ्याने दिसत नाही ते तिथून दिसतं. प्लगपॉइंट रांगत्या मुलाच्या हाताच्या उंचीवर आहे का? फिनेल कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून मोरीच्या कोपऱ्यात ठेवलंय का? गॅसची नळी पडद्यामागून लोंबतेय का? मराठवाड्यात पाणी साठवल्याशिवाय संसार चालत नाही, त्यामुळे प्रत्येक घरात ड्रम, बादल्या, टाकी, हौद असतोच. चालायला नुकतं शिकलेलं मूल बादलीत डोकावताना डोक्याच्या वजनाने आत पडतं आणि त्याला वर येता येत नाही. त्याला बुडायला दोन-तीन बोटं पाणीही पुरतं. भरलेली प्रत्येक बादली झाकलेली किंवा दाराआड असायला हवी. पत्र्याचं घर असेल तर एप्रिल-मे महिन्यात दुपारी दोनला जाऊन दहा मिनिटं बसा. तुम्हाला बसवत नसेल, तर बाळाला तिथे झोप कशी लागेल? खाण्यातल्या धोक्यांबद्दल मात्र विचारावं लागतं: फुटाणे, अख्खे शेंगदाणे आणि चिंचोके लहान मुलांच्या हाताला लागता कामा नयेत, ते श्वासनळीत अडकतात.

मग जेवणाची वेळ गाठा. घराचं खरं रूप तिथे दिसतं. साडेअकरा वाजले, डबे उघडले. दीड वर्षाच्या पोरासमोर मऊ वरण-भात आहे. घास तोंडाशी आला की ते मान फिरवतं. एका घरात डावा हात मागून डोकं धरतो आणि उजवा घास कोंबतो. पोर रडतं, रडताना तोंड उघडतं, तेवढ्यात पुढचा घास आत जातो. दहा मिनिटांत वाटी रिकामी आणि संध्याकाळी आईला निरोप, ‘सगळं जेवला.’ दुसऱ्या घरात ताई थांबतात. भाताचा छोटा गोळा त्याच्या मुठीत देतात, एक घास स्वतः खाऊन दाखवतात, खिडकीतल्या चिमणीला एक शीत टाकतात. पाऊण तास जातो, निम्मा भात फरशीवर आणि थोडा केसात. निरोप येतो, ‘आज अर्धाच खाल्ला, पण आपल्या हाताने.’ पहिल्या घराचा निरोप ऐकायला गोड वाटतो. पण रडत्या मुलाच्या तोंडात घास घालणं म्हणजे घशात अडकण्याला आमंत्रण, आणि जेवण म्हटलं की घाबरणारं मूल पुढे वर्षानुवर्षं भरवणाऱ्याला दमवतं. दुसरं घर निवडा.

झोपेबद्दल नीट विचारा. तान्ह्या बाळाला उताणं, सपाट आणि घट्ट अंथरुणावर झोपवावं. तोंडाजवळ गोधडी, मऊ उशी, खेळणं काही नको. डोकं गोल व्हावं म्हणून ठेवलेली मोहरीची उशीही नको. झोळीची आपल्याला फार सवय, पण बसायला लागलेलं बाळ झोळीत उठतं, तोल जातो, कापडात मान अडकते; त्या वयानंतर झोळी बंद. धुरी, डोळ्यांत काजळ, एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवणं, हे सगळं ताई मायेनेच करतात. तरी ते नको, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. मधातून बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो आणि तो जिवावर बेततो.

आता ज्या गोष्टीकडे मी सगळ्यात जास्त लक्ष द्यायला सांगेन, ती: मूल किती झोपतं. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका पूर्वी बाळाला अफूची ‘बाळागोळी’ देऊन कामावर जात. १९२० च्या दशकात डॉ. बार्न्स या सरकारने नेमलेल्या महिला डॉक्टरने ही प्रथा किती सर्रास आहे हे नोंदवून ठेवलं. त्या बायका निर्दय नव्हत्या. बाळाकडे बघायला कुणी नव्हतं, एवढंच. बाळागोळी गेली, पण एका बाईच्या गळ्यात सात-आठ मुलं पडली की त्यांना झोपवून ठेवण्याचा मोह आजही तितकाच खरा आहे, आणि सर्दी-खोकल्याचं गुंगी आणणारं सिरप मेडिकलमध्ये सहज मिळतं. मध्य प्रदेशात दूषित कफ सिरपने मुलं दगावल्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत, असं पुन्हा बजावलं. म्हणून नियम साधा ठेवा. तुम्ही त्या दिवशी कागदावर लिहून दिलेलं औषध सोडून थेंबभरही दुसरं काही द्यायचं नाही. मूल रोज संध्याकाळी सुस्त, डोळे जड आणि रात्री मात्र टक्क जागं, असं दिसलं तर वाट पाहू नका, डॉक्टरांना दाखवा.

अंगावरचं दूध काढून ठेवणाऱ्या आयांसाठी इथे एक मुद्दा. पंचवीस अंशांपर्यंतच्या खोलीत असं दूध चार तास टिकतं, असं मानतात. बिडकीनच्या उन्हाळ्यात दिवसा खोली इतकी थंड राहत नाही. ताईंकडे फ्रिज हवा, आणि वीज गेली तर बर्फाचा डबा. फ्रिज नसेल, तर दुधाची व्यवस्था आधी ठरवल्याशिवाय बाळ ठेवू नका.

हे सगळं धोका टाळण्याबद्दल झालं. पण मूल दिवसाचे नऊ-दहा तास त्या घरात वाढतं, आणि वाढतं ते बोलण्यावर. ताईंच्या तोंडून येणाऱ्या वाक्यांकडे कान द्या. ‘बस’, ‘नको’, ‘गप’, ‘हात लावू नको’ एवढंच ऐकू येतं का? की ‘ही बघ, वाटी पडली, केवढा आवाज झाला!’ असंही येतं? बाळ बोट दाखवतं तेव्हा ताई तिकडे बघतात का? बिडकीनच्या घरांत मराठी, हिंदी, दखनी सगळं कानावर पडतं, त्याचं मुलाला ओझं होत नाही. पण भोजपुरी घरातलं मूल आपल्या शब्दात पाणी मागतं, तो शब्द ताईंनी आठवड्याभरात शिकून घेतला की नाही, ते जरूर बघा. खेळण्यांची चिंता नको. झाकणं, डबे, वाट्या, कणकेचा गोळा, ओट्यावर पाण्याने काढलेल्या रेघा, एवढ्यावर दोन वर्षांचं मूल तासभर रमतं. मोबाइल हातात देऊन गप्प बसवलेली मुलं दिसली, तर ताईंच्या अंगावर काम जास्त झालंय, असं समजा. आणि तीन वर्षांच्या मुलाला ‘ए-बी-सी-डी’ म्हणून दाखवायला लावलं, तर त्यावर भाळू नका.

कॅमेऱ्यावरही विसंबू नका. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यात टिपली गेली होती. बाळाच्या अंगावरच्या खुणा आईबापाच्या लक्षात आल्या, तेव्हाच ते चित्रण कुणी पाहिलं. खरी तपासणी म्हणजे आईबापाने कधीही, न सांगता घरात येणं. ‘येताना फोन करा’ असं ठामपणे सांगणाऱ्या घरी मूल ठेवू नका. आत झोपलेली मुलं आहेत, आवाज करू नका, एवढं सांगणं रास्तच. पण दार उघडायला हवं. त्या वेळी घरात आणखी कोण असतं, दीर, भाडेकरू, मोठी मुलं, हेही मोकळेपणाने विचारा. चांगल्या ताईंना त्यात अपमान वाटत नाही. मुलाला सांभाळणाऱ्यानेच त्याच्याशी क्रूरपणे वागणं हा बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ खाली गुन्हा आहे. मदतीसाठी १०९८ हा नंबर चोवीस तास चालतो.

आता ताईंच्या बाजूचं. मी हे शेवटी ठेवलं, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. पैसे इतके कमी असतील की आठ मुलं घेतल्याशिवाय त्यांचं भागत नसेल, तर त्या आठच घेतील, आणि त्या गर्दीत तुमचंही मूल असेल. त्यामुळे भाव पाडू नका. कमी मुलं घेण्याच्या अटीवर चार पैसे जास्त द्या. एका साध्या वहीच्या पानावर दोघींनी सही करून ठेवा: किती वाजता आणायचं, बस चुकली तर तासाचे किती, आठवड्याची सुट्टी, ताई आजारी पडल्या तर काय, मुलाला ताप आला तर कुणाला फोन, कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, आणि मूल तुमच्याशिवाय आणखी कुणाच्या हाती सोपवायचं त्यांची नावं. सुट्टीचे पैसे कापायचे नाहीत. कंपनी आपले कापत नाही, तर आपण त्यांचे का कापायचे?

पहिला दिवस पूर्ण ठेवू नका. सुरुवातीला आई तिथेच बसलेली असावी, मग अर्धा तास बाहेर, मग जेवणापर्यंत. सोडताना रडणं स्वाभाविक आहे. आई नजरेआड झाल्यावर काही मिनिटांत ते थांबतं का, हे बाहेर ओट्यावर थांबून ऐका. दोन-तीन आठवड्यांनंतरही मूल त्या गल्लीच्या वळणावरच अंग ताठ करत असेल, अंगावर कारण न सांगता येणारे वण दिसत असतील, झोपेत दचकत असेल, तर तोवर दिलेले पैसे, शेजार, भीड, काही बघू नका, मूल काढून घ्या. आणि ते घरी येऊन ताईंच्या सुरात बाहुलीला भरवू लागलं, तर महिन्याभराने पुन्हा एकदा दुपारी बाराला, न सांगता, जाऊन या.