पासपोर्टचीही जात विचारतात



२०२३ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. रविवारची वंदना आटोपून मी विहाराच्या पायऱ्या उतरत होतो. खाली आमच्या वस्तीतल्या एक मावशी पदराआड प्लॅस्टिकची पिशवी धरून उभ्या होत्या. "भाऊ, जरा हे कागद बघता का? पोरीला थायलंडला इंग्रजी शिकवायची नोकरी लागतेय. दीड लाख भरायचेत, बुधवारच्या आत." पिशवीत एक इंग्रजी पत्र होते आणि पत्राखाली रुमालात बांधलेली सोन्याची चेन नि कानातली. कागद मला दाखवून त्या तशाच सराफाकडे जाणार होत्या.

मावशी चार घरची धुणीभांडी करतात. नवरा सफाई खात्यात होता, तो जाऊन आठ वर्षे झालेली. पोरगी दहावीपर्यंत मराठी शाळेत, मग इंग्रजी घेऊन बी.ए., वर बी.एड. एवढे शिकून एका खासगी क्लासमध्ये महिना सहा हजारांवर राबत होती. थायलंडचे पत्र हातात पडल्यावर त्या घरात काय झाले असेल, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

मी कारकून माणूस. पत्र खालून वर वाचायची सवय. खाली सही होती, पण कोणाची ते नव्हते. शाळेचे नाव नाही, गावाचे नाव नाही, पगाराचा आकडा नाही. टुरिस्ट व्हिसावर जायचे आणि पुढचे सगळे तिकडे 'करून देऊ'. मी म्हटले, मावशी, एक पैसा भरू नका. त्या काही न बोलता गेल्या. संध्याकाळी पोरगी आमच्या दारात. डोळे लाल. "काका, आपल्यासारखीला तिकडे कोण बोलावणार, असंच वाटतं ना तुम्हाला?"

बोल जिव्हारी लागला. 'जाऊ नको' म्हणणे सोपे. मग जायचे कुठे आणि कसे, हे मला तरी कुठे ठाऊक होते? त्या दिवसापासून आम्ही दोघांनी मिळून चौकशी सुरू केली. जे हाती लागले ते इथे मांडतो, कारण तशीच पिशवी आज आणखी कोणाच्या तरी घरात असणार.

आधी जन्म कुठला ते बोला

पहिलाच धक्का दक्षिण कोरियाचा. तिथे इंग्रजी संभाषण शिकवण्यासाठी ई-२ नावाचा व्हिसा आहे. तो सात देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. तुम्हाला इंग्रजी किती येते हा प्रश्न नंतरचा, आधी पासपोर्ट कुठला ते बोला! भारत आणि कोरिया यांच्यात झालेला आर्थिक भागीदारीचा करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्यात भारतीयांसाठी एक फट ठेवलेली आहे. पदवी आणि इंग्रजी शिकवण्याची पात्रता असेल तर तिथल्या शाळेत सहायक शिक्षक म्हणून जाता येते. पण मुख्य शिक्षक म्हणून नव्हे, सहायक म्हणून.

चीनमध्ये इंग्रजी ही मातृभाषा असलेला माणूस हवा, अशीच साधारण अट. त्यातून जुलै २०२१ मध्ये तिथल्या सरकारने शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर कडक बंधने घातली आणि मोठमोठे क्लास बंद पडले. जपानचे वेगळे. तिथे बारा वर्षे इंग्रजी माध्यमातून शिकल्याचा दाखला मागतात. हे वाचल्यावर आमची पोरगी हसली, पण ते हसू खरे नव्हते. पालिकेच्या मराठी शाळेत शिकलेले मूल पुढे इंग्रजीत एम.ए. काय, पीएच.डी. झाले तरी ती अट त्याला या जन्मी पुरी करता येणार नाही.

लायकी जन्मावरून ठरवायची, ही रीत आपल्या ओळखीची आहे. 'पानी' म्हटले की वर्ग हसायचा, ते दिवस आपल्या पिढीतले अनेकजण विसरलेले नाहीत. 'न' आणि 'ण' यांच्यामध्येसुद्धा गावकुसाची भिंत होती. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले दोन भिक्खू भगवंतांकडे तक्रार घेऊन गेले की नाना कुळांतून, नाना जातींतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बोलून ते बिघडवतात, तर आम्ही ते छंदात बांधतो. तथागतांनी त्यांना फटकारले आणि ज्याने त्याने आपल्या बोलीत धम्म शिकावा, अशी मोकळीक दिली. अडीच हजार वर्षांपूर्वी निकालात निघालेला प्रश्न आज व्हिसाच्या अर्जावर पुन्हा उभा आहे.

आणि हे काही मी एकटा कारकून म्हणतो असे नाही. इंग्लंडचे रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ सालच्या आपल्या ग्रंथात, जन्माने इंग्रज असलेला माणूसच इंग्रजीचा उत्तम शिक्षक, हा समज खोटा असल्याचे सांगितले. हंगेरीचे पीटर मेजेश स्वतः इंग्रजीचे परके शिक्षक. त्यांनी १९९४ साली याच विषयावर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, जो स्वतः ठेचा खात ती भाषा शिकला, त्याला विद्यार्थी कुठे ठेच खाणार हे आधीच ठाऊक असते. काश्मीरमध्ये जन्मलेले भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरू यांनी तर भारतीय इंग्रजी ही इंग्रजीची एक रीतसर जात आहे (जात म्हणजे प्रकार, गैरसमज नको) हे जगभरच्या विद्यापीठांत मान्य करून घेतले. विद्यापीठांत मान्य झाले, वकिलातींत अजून व्हायचे आहे.

एक कडू गोष्टही सांगतो. राग मानू नका. दोष सगळा पासपोर्टचा नाही. गाइड पाठ करून इंग्रजीत पदवी घेतलेली आपली कितीतरी मुले पाच वाक्ये सलग बोलताना अडखळतात. सावित्रीमाईंनी १८५४ सालच्या 'काव्यफुले'मध्ये इंग्रजी शिकायला सांगितले. बाबासाहेबांनी ती अशी शिकली की त्यांचे ग्रंथ कोलंबियात आणि लंडनमध्ये वाचले जातात. आपण मात्र तिची पदवी शिकलो. आमच्या पोरीने हे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे तासभर मोठ्याने वाचायला लागली. शेजारच्या खोलीतून तक्रार आली, तेव्हा विहाराची चावी तिला दिली.

मग उघडे दार कुठे?

भारतीय मास्तर परदेशात शिकवत नाही, असे मुळीच नाही. सम्राट हेले सेलासींच्या काळात इथिओपियाच्या खेड्यापाड्यांतल्या शाळांत भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने होते. भूतानने १९६०च्या दशकात आधुनिक शाळा काढल्या, तेव्हा इंग्रजी माध्यमातून शिकवायला भारतातून, विशेषतः केरळातून, शिक्षक गेले. मालदीवच्या बेटांवर असे शिक्षक पुष्कळ आहेत. आखाती देशांत सीबीएसईच्या भारतीय शाळा आहेत. तिथे बी.एड. आणि दोन-तीन वर्षांचा अनुभव असेल तर पासपोर्ट आडवा येत नाही. या सगळ्या नोकऱ्यांत केरळची माणसे पुढे का? कारण तिकडे एक गेला की तो मागच्या दहांना कागद कसे भरायचे ते सांगतो. आपल्याकडे हे सांगणारेच कमी.

आमच्या पोरीचे मन थायलंडवरच होते. थायलंडचे दार खरेच उघडे आहे, फक्त पत्र लिहिणाऱ्याने दाखवलेल्या बाजूने नाही. रीतसर मार्ग असा. आधी शाळेने नावानिशी नेमणूकपत्र द्यायचे. मग निघण्यापूर्वी थायलंडच्या वकिलातीकडून 'नॉन-इमिग्रंट बी' हा व्हिसा घ्यायचा. तिकडे पोहोचल्यावर काम करण्याचा परवाना. शिवाय थाई शिक्षक परिषदेचा, तिला 'खुरुसाफा' म्हणतात, शिक्षकाचा परवाना लागतो. तो नसेल तर शाळा काही काळापुरती परवानगी मागून देते. कोणत्याही विषयातली पदवी हवीच. मातृभाषा इंग्रजी नसणाऱ्यांना टोइक किंवा आयेल्ट्स या परीक्षेचे गुण दाखवावे लागतात. टोइकमध्ये ६००च्या आसपास गुण साधारणतः मागतात. तिथले शैक्षणिक वर्ष मेच्या मध्याला सुरू होते, म्हणून शाळा मार्चपासून माणसे शोधू लागतात. फिलिपिन्सचे हजारो शिक्षक याच वाटेने तिथे पोचलेत.

शिकवण्याचे प्रशिक्षण हवे असेल तर हैदराबादच्या इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठाचा इंग्रजी अध्यापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. केंब्रिजचे सेल्टा प्रमाणपत्र जगभर चालते, पण महाग. १२० तासांची प्रमाणपत्रे गल्लोगल्ली विकायला निघाली आहेत. पैसे देण्यापूर्वी, ज्या शाळेत जायचे त्या शाळेला ते चालते का, एवढे विचारून घ्या.

कागदांचे पुराण

आमचे खरे सहा महिने गेले कागदांत. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आईचे. पासपोर्टवर वेगळाच क्रम. परदेशी बाई आईचे नाव हेच आडनाव समजून बसली! त्यात पोरीच्या नावात शाळेच्या दाखल्यावर एक 'डी', पदवीवर दोन. आपल्यात धम्मदीक्षेनंतर नावे-आडनावे बदललेली घरे पुष्कळ, त्यांनी तर हे आधी तपासावे. फरक असेल तर राजपत्रात नाव छापून घ्यावे किंवा प्रतिज्ञापत्र करावे. तिकीट काढल्यावर नव्हे, पासपोर्ट काढण्यापूर्वी.

चारित्र्याचा पोलिस दाखला पासपोर्ट कार्यालयातून मिळतो, त्याची फी ५०० रुपये. पदवीची आधी राज्य सरकारकडून पडताळणी आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. करारातल्या देशांसाठी त्या शिक्क्याला अपोस्टिल म्हणतात. भारतात ही सोय २००५ पासून आहे. जो देश करारात नाही, त्याच्या वकिलातीची सही वेगळी. या कामाला दलाल हजारो रुपये मागतात. सरकारी फी त्यामानाने किरकोळ, पण रांगेत उभे राहायची तयारी हवी. मी दोन रजा टाकल्या.

आता दलालाबद्दल. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाला १९८३च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते, आणि उमेदवाराकडून सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढेच घेता येते, तेही पावती देऊन. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या 'ई-मायग्रेट' या ठिकाणी पाहता येते. आमच्या पत्रवाल्याचे नाव तिथे नव्हते.

हे एवढे तिखटपणे लिहितो, त्याला कारण आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने इशारा दिला होता की थायलंडमधल्या नोकरीच्या नावाखाली तरुणांना बेकायदा सीमेपार म्यानमारमध्ये नेले जाते. तिथे त्यांना कोंडून फोनवरून नि संगणकावरून लोकांना लुबाडायचे काम करायला लावतात. त्या टोळ्यांना कोण हवे असते? इंग्रजी बोलता येणारी, संगणक चालवणारी, गरजू पोरे. म्हणजे आपलीच. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा ५४९ भारतीयांना दोन दिवसांत परत आणले. त्यांच्याही घरी कोणीतरी चेन गहाण टाकलीच असेल.

आमची पोरगी मे २०२४ मध्ये गेली. रीतसर व्हिसा, शाळेचे पत्र, तिकिटाचे पैसे तिने क्लासच्या पगारातून आणि मामाकडून उसने घेऊन जमवले. पगार २२,००० बाट, म्हणजे तेव्हाच्या भावाने पन्नास हजारांच्या आसपास. तोच वर्ग, तेवढेच तास शिकवणाऱ्या गोऱ्या सहकाऱ्याला ३५,०००. त्याच्याकडे बी.एड. नाही. शिवाय सुट्टीच्या दोन महिन्यांचा पगार करारात नव्हता, ते तिने सही करण्यापूर्वी वाचले नव्हते आणि मीही नजरेतून सोडले. ही चूक माझी. दुसऱ्या वर्षाच्या करारात तिने बारा महिन्यांचा पगार लिहून घेतला. रक्कम मात्र हजारानेच वाढली. भांडतेय.

गेल्यावर आठवडाभरातच, २२ मेला, वैशाख पौर्णिमेची सुट्टी आली. शाळेच्या बायकांबरोबर ती विहारात गेली. भन्तेंचे थाई बोलणे एक अक्षर कळले नाही. मग त्रिसरण-पंचशील सुरू झाले. तिने रात्री आईला फोन केला तो हे सांगायला. आडनाव कोणी विचारले का, असे मावशींनी विचारले. नाही म्हणाली, पण पासपोर्ट सगळे विचारतात.

ज्यांच्या घरी अशी पत्रे आली असतील त्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात यावे, मी तासभर बसलेला असतो. मूळ कागद आणू नका, झेरॉक्स आणा. आणि पत्राचा लिफाफासुद्धा.