टूरिंग कार शर्यतींचे नियम आणि इंजिनाची घनक्षमता : ०.६ मिलिमीटरचा अन्वयार्थ

प्रस्तावना

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यातून फियाट ११०० आणि तिचेच पुढील रूप असलेली प्रीमियर पद्मिनी ही मोटार अनेक दशके बाहेर पडत राहिली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची ओळख तिच्यामुळेच घडली. शहरातील अखेरच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची वयोमर्यादा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि त्यासोबत ट्रॉम्बे-कुर्ला पट्ट्यातील गॅरेजांमधील एक रोजचे काम मागे पडले. ते काम म्हणजे 'बोअर करणे'. सिलिंडरची आतील भिंत झिजली की मिस्त्री इंजिनाचा ब्लॉक उतरवून बोअरिंग यंत्रावर चढवीत, भिंत किंचित कापून गुळगुळीत करीत आणि ०.२, ०.४, ०.६ मिमी अशा चढत्या मापाचे 'ओव्हरसाइज' पिस्टन त्यात बसवीत. कापण्यास जागा उरली नाही की स्लीव्ह ठोकून बोअर पुन्हा मूळ मापावर आणला जाई.

टॅक्सीमालकाच्या दृष्टीने ही झीज दूर करण्याची क्रिया होती. तिच्यामुळे इंजिनाची घनक्षमता थोडी वाढते, याकडे लक्ष देण्याचे त्याला कारण नव्हते. तथापि याच ०.६ मिमी मापाला मोटारशर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत एके काळी विलक्षण महत्त्व प्राप्त झाले होते. पाठ्यपुस्तकांत घनक्षमता ही 'दिलेली' संख्या म्हणून येते आणि विद्यार्थी ती सूत्रात घालून मोकळा होतो. ही संख्या अनेकदा अभियंत्याआधी नियमकर्त्याने ठरविलेली असते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

घनक्षमतेचे गणित

सिलिंडरचा व्यास म्हणजे बोअर आणि पिस्टनच्या एका फेरीचे अंतर म्हणजे स्ट्रोक. बोअरच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ, स्ट्रोक आणि सिलिंडरांची संख्या यांचा गुणाकार म्हणजे घनक्षमता. पद्मिनीचा बोअर ६८ मिमी आणि स्ट्रोक ७५ मिमी. चार सिलिंडरांचे मिळून १०८९ सीसी होतात. बोअर ०.६ मिमीने वाढविला तर हीच घनक्षमता सुमारे ११०९ सीसी होते. ही वाढ दोन टक्क्यांहूनही कमी आहे.

मोठी वाढ हवी असल्यास दोन मार्ग असतात. बोअर वाढविल्यास मोठे व्हॉल्व्ह बसविण्यास जागा मिळते आणि इंजिन अधिक हवा घेऊ शकते. मात्र दोन सिलिंडरांमधील भिंत पातळ होत जाते. स्ट्रोक वाढविण्यासाठी नवा क्रँकशाफ्ट लागतो आणि त्याच फेऱ्यांना पिस्टनला अधिक अंतर कापावे लागते. उदाहरणार्थ, ८७ मिमी स्ट्रोकचे इंजिन मिनिटाला ८५०० फेरे करीत असेल, तर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २४.६५ मीटर होतो. ८२.८ मिमी स्ट्रोकच्या इंजिनात हाच वेग गाठला जातो तो सुमारे ८९३० फेऱ्यांना. हे दोन्ही स्ट्रोक येथे सहज निवडलेले नाहीत, हे पुढे दिसून येईल.

नियमांची चौकट

१९८२ पासून लागू झालेल्या 'ग्रुप ए' नियमांनी टूरिंग कार शर्यतींसाठी एक कठोर अट घातली. शर्यतीत उतरणारी मोटार सलग बारा महिन्यांत किमान ५००० इतक्या संख्येने तयार झालेली, म्हणजे सामान्य ग्राहकाला विकली जाणारी असली पाहिजे. तिची सुधारित 'इव्होल्युशन' आवृत्ती मान्य करून घ्यावयाची असल्यास आणखी ५०० मोटारी तयार कराव्या लागत. स्ट्रोक मूळचाच ठेवावा लागे. बोअर मात्र जास्तीत जास्त ०.६ मिमीने वाढविता येई, आणि तोही त्या मोटारीच्या वर्गाची घनक्षमता-मर्यादा ओलांडली जाणार नाही अशा बेताने. घनक्षमतेनुसार वर्ग पाडलेले होते: ११५०, १४००, १६००, २०००, २५०० सीसी आणि पुढे. प्रत्येक वर्गाला मोटारीचे किमान वजन ठरवून दिलेले असल्याने मोठे इंजिन फुकट मिळत नसे. त्यासोबत अधिक वजनही वाहावे लागे. टर्बो इंजिनांच्या घनक्षमतेला एका गुणकाने गुणले जाई. हा गुणक सुरुवातीला १.४ होता, नंतर १.७ झाला. परिणामी फोर्डच्या सिएरा कॉसवर्थचे १९९३ सीसीचे इंजिन कागदावर आधी सुमारे २७९० आणि नंतर सुमारे ३३८८ सीसीचे झाले. इंजिनातील एक खिळाही न हलविता!

या चौकटीत शर्यतीचे इंजिन मोठे करण्याचे काम शर्यतीच्या कार्यशाळेत होऊ शकत नव्हते. ते कारखान्यात, रस्त्यावरच्या मोटारीतच करून ठेवावे लागे. म्हणजेच शर्यतीची गरज प्रथम ग्राहकाच्या गाडीत घालावयाची आणि मग तेथून ती नियमाने 'मिळालेली' वस्तू म्हणून उचलावयाची.

दोन कारखाने

बीएमडब्ल्यूची १९८६ मधील एम-३ ही या पद्धतीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय. तिच्या चार सिलिंडरी इंजिनाचा बोअर ९३.४ आणि स्ट्रोक ८४ मिमी, घनक्षमता २३०२ सीसी. ०.६ मिमीची सवलत घेतली की बोअर नेमका ९४ मिमी आणि घनक्षमता २३३२ सीसी होते. या मोटारीने १९८७ मध्ये रोबेर्तो राव्हाल्या यांना जागतिक टूरिंग कार विजेतेपद मिळवून दिले. परंतु वर्गमर्यादा २५०० सीसी होती. म्हणजे १६८ सीसी वापराविना शिल्लक राहत होते.

ही उणीव १९९० च्या 'स्पोर्ट इव्होल्युशन' आवृत्तीने भरून काढली. तिच्या ६०० मोटारी तयार झाल्या. बोअर ९५ मिमी, स्ट्रोक ८७ मिमी, घनक्षमता २४६७ सीसी. ग्राहकाला ही संख्या काहीशी विचित्र वाटली असेल. २५०० का नाही? उत्तर गणितात आहे. बोअर ०.६ मिमीने वाढवून ९५.६ केला की घनक्षमता सुमारे २४९८ सीसी होते. मर्यादेला स्पर्श न करता तिच्या जवळात जवळ जाता यावे, अशा बेताने ही संख्या उलट दिशेने काढलेली दिसते.

इतकी वाढ त्या ब्लॉकमध्ये मावली, याचे श्रेय मात्र बऱ्याच जुन्या दूरदृष्टीला जाते. या इंजिनाचा ब्लॉक १९६० च्या दशकाच्या आरंभी आलेल्या १५०० सीसीच्या एम-१० इंजिनापासून विकसित झालेला होता. त्या इंजिनाचा बोअर ८२ मिमी होता, पण लगतच्या दोन सिलिंडरांच्या मध्यांतील अंतर १०० मिमी ठेवलेले होते. आलेक्स फॉन फाल्केनहाउसेन यांनी भावी वाढीसाठी ठेवलेल्या या जागेमुळे ९५.६ मिमी बोअर करूनही दोन सिलिंडरांमध्ये ४.४ मिमी उरत होते.

मर्सिडीजने याच प्रश्नाचे दिलेले उत्तर प्रस्तुत लेखकास अधिक मार्मिक वाटते. १९८८ च्या १९० ई २.५-१६ या मोटारीचा बोअर ९५.५ आणि स्ट्रोक ८७.२ मिमी, म्हणजे २४९८ सीसी. वरवर पाहता मर्यादा पुरेपूर वापरलेली आहे. पण येथेच अडचण होती. ०.६ मिमीची सवलत घेतली तर घनक्षमता सुमारे २५३० सीसी होऊन वर्गच हातचा जातो. म्हणून १९८९ च्या इव्होल्युशन आवृत्तीसाठी (५०२ मोटारी) कारखान्याने इंजिन लहान केले. बोअर ९७.३ मिमी, स्ट्रोक ८२.८ मिमी, घनक्षमता २४६३ सीसी. आता सवलतीसह सुमारे २४९३ सीसी मिळतात, बोअर मोठा असल्याने व्हॉल्व्हना जागा मिळते, आणि आखूड स्ट्रोकमुळे, वर केलेल्या हिशेबाप्रमाणे, त्याच पिस्टन-वेगाला मिनिटागणिक ४०० हून अधिक फेरे जास्तीचे मिळतात. ३५ सीसी सोडून देऊन मिळविलेला हा लाभ आहे. १९९२ मध्ये क्लाउस लुडविग यांनी याच कुळातील मोटारीवर जर्मन विजेतेपद जिंकले.

घनक्षमता वाढविण्याच्या या स्पर्धेला पुढे दुसऱ्याच नियमाने विराम दिला. १९९० च्या दशकातील 'सुपर टूरिंग' प्रकारात सर्वांनाच २००० सीसी आणि ८५०० फेरे अशी मर्यादा घातली गेली, आणि चढाओढ इतर अंगांकडे वळली.

संपीडन आणि इंधन

घनक्षमता वाढविताना एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. समजा, एका सिलिंडरची घनक्षमता ५०० सीसी आणि हेडमधील ज्वलनकक्ष ५० सीसीचा आहे. संपीडन गुणोत्तर ११ होते. ज्वलनकक्ष तोच ठेवून घनक्षमता ५४० सीसी केली, तर गुणोत्तर ११.८ वर जाते. अशा वेळी कमी ऑक्टेनचे पेट्रोल वेळेआधी पेट घेते आणि इंजिन 'नॉक' करू लागते, म्हणून पिस्टनचा माथा किंवा ज्वलनकक्ष यांचा आकार बदलावा लागतो. माहुल-ट्रॉम्बे येथे १९५० च्या दशकाच्या मध्यास सुरू झालेले दोन तेलशुद्धीकरण कारखाने आमच्या परिसरातील विद्यार्थ्यांना धूर आणि वास यांवरूनच परिचित आहेत. तेथे ठरणारा ऑक्टेन अंक आणि कुर्ल्याच्या गॅरेजमध्ये कापला जाणारा बोअर यांच्यातील हे नाते वर्गात सांगितले, तर उष्मागतिकीचा तास निराळाच होईल. २००० मध्ये देशभरातून शिसेयुक्त पेट्रोल हद्दपार झाले, तेव्हा ऑक्टेन वाढविण्याचा जुना आणि स्वस्त उपायही गेला.

भारतीय संदर्भ

भारतातील घनक्षमता शर्यतीच्या नियमाने क्वचितच ठरली असेल. पद्मिनीचे १०८९ सीसी इटलीहून आले. पुढे चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टै आणि कोइमतूर येथील धावमार्गांवर ज्या मोटारी टूरिंग कार म्हणून धावल्या, त्यांपैकी मारुती एस्टीमचे इंजिन १२९८ सीसीचे (७४ × ७५.५ मिमी) आणि होंडा सिटीचे १४९३ सीसीचे (७५ × ८४.५ मिमी) होते. त्यांना 'ग्रुप ए'ची ०.६ मिमी पट्टी लावून पाहावी. एस्टीम सुमारे १३२० वर थांबते आणि १४०० ची मर्यादा ८० सीसी दूर राहते. सिटी सुमारे १५१७ वर थांबते आणि १६०० ची मर्यादा ८३ सीसी दूर राहते. ही इंजिने नियमाकडे पाहून बेतलेली नव्हती, हे या रिकाम्या जागेवरूनच कळते.

आपल्याकडे इंजिनाचे माप ठरविणारा नियम करविषयक आहे. २००६-०७ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारींना उत्पादनशुल्कात सवलत दिली. २०१० मध्ये मारुती स्विफ्टचे १२९८ सीसीचे इंजिन जाऊन ११९७ सीसीचे (७३ × ७१.५ मिमी) इंजिन आले, होंडाच्या लहान मोटारींचे इंजिनही १२०० च्या किंचित अलीकडेच थांबते. युरोपातही हे घडले आहे. ज्या एम-३ ने शर्यतीसाठी स्ट्रोक वाढविला, तिच्याच इंजिनाचा स्ट्रोक ७२.६ मिमीपर्यंत कमी करून बीएमडब्ल्यूने इटली व पोर्तुगालच्या करमर्यादेसाठी १९९० सीसीची स्वतंत्र आवृत्ती काढली होती. ब्लॉक एकच, नियम दोन, आणि क्रँकशाफ्ट त्या-त्या नियमाप्रमाणे.

करासाठी बेतलेले ११९७ सीसीचे इंजिन १४०० च्या वर्गात न्यावयाचे झाल्यास काय करावे लागेल, हा प्रश्न अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला सहज देता येईल. ०.६ मिमी बोअर वाढवून सुमारे १२१७ सीसी मिळतात. उरलेली वाढ स्ट्रोकमधून काढावयाची तर तो ७१.५ वरून सुमारे ८२.३ मिमी करावा लागतो. त्यासाठी नवा क्रँकशाफ्ट, नवे कनेक्टिंग रॉड आणि बहुधा अधिक उंचीचा ब्लॉक लागेल. 'ग्रुप ए'सारख्या नियमात हे काम कार्यशाळेत चालत नाही. ते कारखान्यानेच करावे लागते, आणि सवलतीच्या मर्यादेपलीकडचे इंजिन त्या मोटारीत घालण्याचे कारण कारखान्याजवळ नसते.