चढाची भीती नको, उताराची हवी

टिपू सुलतानाचे जन्मगाव देवनहळ्ळी २००८ पासून बंगळूरच्या नव्या विमानतळामुळे सर्वांना ठाऊक झाले. पहाटे याच बाजूने उत्तरेकडे जाणारे सायकलस्वार दिसतात. त्यांचे लक्ष असते ते नंदी टेकड्यांकडे. १,४७८ मीटर उंचीच्या या डोंगराचा वळणावळणाचा घाट चांगलाच दम काढतो. आजूबाजूच्या खडकाळ पायवाटा तर त्याहून अवघड. तिथे जाड टायरची माउंटन बाइकच हवी.

अशा सहलीची खरी तयारी आदल्या दिवशी घरीच होते. ब्रेक, साखळी आणि टायरमधील हवा तपासून घ्या. जादा ट्यूब, पंप, भरपूर पाणी आणि गूळ-शेंगदाणे बरोबर असू द्या. वरचे फाटक केव्हा उघडते, याची चौकशी करा. एकट्याने जाऊ नका. कोणत्या वाटेने जाणार, ते घरी सांगून ठेवा.

नवखे चढाला भितात. पण चढावर दम लागला, तर उतरून सायकल ढकलता येते. खरा धोका असतो परतीच्या उतारावर. पाय थकलेले असतात, मन खुशीत असते आणि समोरून वाहने येत असतात. ब्रेक सतत दाबून धरले तर ते तापतात आणि पकड कमी होते. म्हणून वेग वळणाआधीच कमी करावा. सैल खडीवर पुढचा ब्रेक एकदम दाबू नये.

आणखी एक गोष्ट निघण्यापूर्वीच ठरवावी, ती म्हणजे परत फिरण्याची वेळ. ती झाली की माथा समोर दिसत असला तरी मागे वळावे. डोंगर पुढच्या सुटीतही तिथेच असेल. घरी मात्र आज जेवायला वाट पाहणारी माणसे असतात.