घरच्या अंगणात मोटारीचे इंजिन उतरविताना

मुंबईतील अखेरची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ साली निवृत्त झाली; तरी कुर्ल्यात बनलेली ही गाडी काही घरांच्या अंगणांत अजून जपलेली आहे. तिचे १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन आपल्याला घरीही उतरविता येते. मात्र क्रम मोडू नये. प्रथम बॅटरीची तार सोडावी, पाणी व तेल काढावे, बॉनेट व रेडिएटर दूर करावे, प्रत्येक तारेस चिठ्ठी बांधावी. मग चेनपुलीने इंजिनाचा भार पेलावा, गिअरबॉक्सखाली टेकू द्यावा. त्यानंतरच बोल्ट काढावेत. बोल्ट आधी काढले, तर इंजिन कलते आणि सारा बोजा गिअरबॉक्सच्या दांड्यावर येतो. चेनपुली छपराच्या वाशाला टांगू नये. आणि लोंबत्या इंजिनाखाली हात घालू नये, हे आम्ही पुन्हा सांगतो. साखळी निसटली, तर हात काढण्यास अवधी मिळत नाही.